आधी फावडं, मग बंदूक: ब्रिटननं ज्यू निर्वासित सैनिकांना नीट वागवलं का?

सह्यवारा (धागाकर्ता)
मान्फ्रेड गान्स, जर्मन ज्यू. जन्म १९२२, जर्मनीत डच सीमेजवळचं बोर्केन. १९३८ मध्ये आईवडिलांनी त्याला इंग्लंडला धाडलं आणि १९४० मध्ये त्याच इंग्लंडनं त्याला 'शत्रुदेशीय' ठरवून आइल ऑफ मॅनवर डांबलं. तिथून सुटायचा खात्रीचा मार्ग म्हणजे पायोनियर कोअर या ब्रिटिश सैन्याच्या मजूर दलात भरती. काम खंदक खणणं, रस्ते करणं, बोटी रिकाम्या करणं. बंदूक नाही.

मला हा अन्याय वाटतो, शिवाय युद्धाच्या हिशेबानंही नासाडी वाटते. १९३९ मध्येच न्यायाधिकरणांनी ब्रिटनमधल्या सुमारे ७३ हजार जर्मन-ऑस्ट्रियन लोकांची छाननी केली होती. 'अ' वर्गात, म्हणजे धोकादायक, सहाशेसुद्धा निघाले नाहीत. मग 'क' वर्गातल्या निरुपद्रवी लोकांना पुन्हा का उचललं?

कोकणकडा
उत्तर मे १९४० मध्ये आहे. हॉलंड पाच दिवसांत पडलं आणि घरभेद्यांची धास्ती सगळीकडे पसरली. न्यायाधिकरणांपुढे बहुतेक वेळा त्या माणसाचा शब्द आणि एखाददुसरी ओळख एवढंच असायचं. त्याची सरकारी कागदपत्रं बर्लिनला नि व्हिएन्नाला, ती पडताळणार कोण? सरसकट धरपकड चुकलीच, पण पायोनियर कोअर ही चाळणी म्हणून ठीक होती. १९४३ पासून इतर दलांची दारं उघडली ती याच चाळणीमुळे.

आणि फावड्याला हलकं समजू नका. ऑस्ट्रेलियात निर्वासितांची आठवी एम्प्लॉयमेंट कंपनी, म्हणजे सैन्याची मजूर तुकडी, ऑल्बरी, टोकमवाल या राज्यसीमेवरच्या गावांत होती. न्यू साउथ वेल्समध्ये रुळांमधलं अंतर तेव्हा १४३५ मिलिमीटर, व्हिक्टोरियात १६००. एकीकडची गाडी दुसरीकडे जाऊच शकत नव्हती. प्रत्येक डबा हातानं रिकामा करायचा, फलाट ओलांडायचा, समोरच्या डब्यात रचायचा. ही माणसं नसती तर माल सीमेवरच तुंबला असता.

तिसरीघंटा
कोकणकडा, हीच माणसं ऑस्ट्रेलियात पोचली कशी तेही सांगा की! त्यांतले कितीतरी 'डुनेरा'वरून आलेले. १० जुलै १९४० ला लिव्हरपूलहून निघालेल्या या जहाजात सुमारे अडीच हजार माणसं कोंबली होती, आणि पहारेकऱ्यांनीच त्यांच्या बॅगा फोडून लुटल्या. ६ सप्टेंबरला सिडनी. पुढे 'हे' (Hay) नावाच्या गावची छावणी, काटेरी तारांमागे. त्यानंतरच्या भरतीला 'स्वेच्छा' म्हणणं मला जड जातं.

अमेरिकेनं काय केलं बघा. मार्च १९४२ च्या कायद्यानं सैन्यात असलेल्या परदेशी माणसाला नागरिकत्वाची वाट मोकळी झाली. जूनमध्ये मेरिलँडला कॅम्प रिची सुरू झाला आणि जर्मन येणाऱ्या निर्वासितांना तिथं कैद्यांची उलटतपासणी शिकवली. भाषा हेच हत्यार.

(हे प्रकरण आपल्यापासून फार लांबचं नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये अहमदनगरच्या छावणीतही जर्मन पासपोर्टवाले ज्यू निर्वासित नाझी समर्थकांसोबतच ठेवले होते.)

कोकणकडा
अमेरिकन उदाहरण पुरतं सांगा. डिसेंबर १९४४, जर्मनीतलं ब्लायआल्फ गाव. रिचीत शिकलेले कुर्ट जेकब्स आणि मरे झॅपलर पकडले गेले. ते बर्लिनचे ज्यू आहेत हे कळताच जर्मन कॅप्टन कुर्ट ब्रुन्सनं दोघांना बाकी कैद्यांतून बाजूला काढून गोळ्या घालायला लावल्या. पुढे खटला चालून ब्रुन्सलाही गोळ्या घातल्या, पण ते दोघे गेलेच. अंगावरच्या अमेरिकन गणवेशानं ते वाचले नाहीत.

दर्यावर्दी
म्हणूनच ब्रिटनच्या 'एक्स ट्रूप'ची पद्धत बघावी. जुलै १९४२ मध्ये उभी राहिलेली ही जर्मन बोलणाऱ्या निर्वासितांची कमांडो तुकडी, वेल्समधल्या अॅबरडोव्हीला सराव. आत शिरताच जुनं नाव गेलं. बरेच जण आद्याक्षर तेच ठेवत, म्हणजे सही करताना हात अडखळत नाही. गान्सचा 'फ्रेड ग्रे' झाला. पे-बुकात (सैनिकाच्या पगाराच्या वहीत) आधीची खोटी रेजिमेंट, गळ्यातल्या बिल्ल्यावर 'चर्च ऑफ इंग्लंड'. जुन्या नावाचं एक पत्र खिशात राहिलं तरी सगळं सोंग उघडं पडणार.

याची किंमतही होती. जे पडले ते खोट्या नावाखाली, क्रूस कोरलेल्या दगडाखाली पुरले गेले. त्यांतले काही दगड पुष्कळ वर्षांनी बदलून त्यांवर डेव्हिडचा तारा आला.

सह्यवारा
दर्यावर्दी, धन्यवाद. पकडले गेल्यास काय होईल ही भीती खरी होती, हे मान्य. पण ती नाव बदलून सोडवता येते, हे १९४२ मध्येच सिद्ध झालं. त्यासाठी आधी वर्षानुवर्षं फावडं मारायला लावायची गरज नव्हती.

माझा मोठा आक्षेप मात्र नागरिकत्वाचा आहे. २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानानं जर्मनीनं परदेशी गेलेल्या ज्यूंचं नागरिकत्व काढून घेतलं. ब्रिटननं ते देणं युद्धभर जवळजवळ बंदच ठेवलं होतं. म्हणजे ६ जून १९४४ ला गान्स ४१ व्या रॉयल मरीन कमांडोबरोबर नॉर्मंडीच्या सॉर्ड किनाऱ्यावर उतरला, वॉल्चरन या डच बेटावर बंकरमधल्या जर्मनांना त्यांच्याच भाषेत बोलून शरण आणलं, मे १९४५ मध्ये जीप घेऊन टेरेझिनच्या नाझी छावणीत गेला आणि आईवडील तिथं जिवंत सापडले. या सगळ्या काळात त्याच्यासारख्या बहुतेकांच्या नावावर कुठलाच देश नव्हता. कोकणकडा, चाळणी म्हणता ना? नॉर्मंडी पार केल्यावरही कसली चाळणी शिल्लक होती?

कोकणकडा
याचं समर्थन मी करणार नाही. तिथं ब्रिटन चुकलं. पायोनियर कोअरबद्दल मात्र माझं मत तेच आहे.