मुंबई हायखाली तेलाचं तळं आहे का?

उरणच्या बाई:
मी उरणला सातवीला विज्ञान शिकवते. परवा एका मुलाने विचारलं, "बाई, आमच्या विहिरीला वीस फुटांवर काळा कातळ लागला. समुद्राखालीही तोच असेल, तर तेल राहतं कुठे? तळं आहे का?" दुसरा म्हणाला, तेल डायनोसॉरचं होतं. मला नीट सांगता आलं नाही. मुलांना समजेल असं कोणी सांगेल का?

निळीखाडी:
डायनोसॉर नक्की नाही. तेल मुख्यतः पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती-जीवांचं होतं, काही ठिकाणी झाडापानांचंही.

जुना रिगवाला:
बाई, त्या मुलाला माझी शाबासकी द्या. मी समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर भूवैज्ञानिक होतो.

तळं नाही. भिजलेल्या विटेत पाणी असतं तसं तेल दगडात असतं. मुंबई हायला, म्हणजे मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात, ते मुख्यतः मायोसीन नावाच्या भूवैज्ञानिक काळातल्या चुनखडीत आहे, सव्वा-दीड किलोमीटर खोल. १९७४ साली 'सागर सम्राट' रिगने ते शोधलं. खोदताना चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. तो धुऊन आम्ही अतिनील दिव्याखाली धरायचो. एरवी मळकट पांढरा चुरा, त्यात तेल असलं की दिव्याखाली पिवळा-सोनेरी उजळायचा. इतक्या वेळा पाहिलं, तरी दर वेळी जीव हरखायचा.

काळा कातळही आहे, पण बऱ्याच भागात या चुनखडीच्या पुष्कळ खाली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला. पुढे किनाऱ्यापलीकडची जमीन खचत गेली, दलदली झाल्या, समुद्र आत आला. सखल भागांत गाळ साचला आणि त्यात सेंद्रिय अवशेष गाडले गेले. प्राणवायू नसल्याने ते पुरते कुजले नाहीत. वर थरांवर थर चढले, खाली ऊब वाढली. साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला, लाखो वर्षांत, त्यांचं तेल झालं. त्याहून जास्त तापलं तिथे गॅस.

मुलांना एवढं जरूर सांगा: तेल सापडतं तिथेच जन्मलेलं असतं असं नाही. हे तेल बाजूच्या खोलगट भागांतल्या शेलमध्ये, म्हणजे बारीक गाळ दबून झालेल्या खडकात, तयार झालं. पाण्याहून हलकं, म्हणून छिद्रांतून, भेगांतून वर सरकत उंचवट्याकडे आलं. 'मुंबई हाय'मधला 'हाय' म्हणजे हाच गाडलेला उंचवटा. वर शेलचं घट्ट झाकण, म्हणून तिथेच अडकलं.

निळीखाडी:
असा उंचवटा सापडला की तेल मिळणारच?

जुना रिगवाला:
नाही हो. समुद्रात खोदलेल्या एका विहिरीत उंचवट्याचा आकार सुरेख, चुनखडी सच्छिद्र, सगळं जमून आलेलं. रात्रभर चुरा धुतला, दिव्याखाली एक कण उजळला नाही. आत नुसतं खारं पाणी. एक तर तेल तिथवर पोचलंच नव्हतं, किंवा झाकणातून कधीच निसटलं होतं. सकाळी किनाऱ्यावर 'कोरडी', म्हणजे तेल नसलेली, असं कळवताना घसा दाटला होता.

उरणच्या बाई:
म्हणजे काळ्या कातळात तेल नसतंच, असं सांगू?

जुना रिगवाला:
तसं सांगू नका! मुंबई हायलाच चुनखडीखालच्या पायाभूत खडकात, जिथे भेगा आहेत तिथे, तेल मिळालंय. त्यात बेसॉल्ट, म्हणजे तुमचा काळा कातळही आहे. शेजारच्या शेलमधून ते भेगांत शिरलं.

वर्गात एक कोरडी वीट आणि कातळाचा तुकडा वजन करून बादलीत बुडवा. विटेतून बुडबुडे निघतील. तासाभराने दोन्ही पुसून पुन्हा तोला.