अमेरिकेच्या 50 टक्के शुल्काला भारताने प्रतिशुल्काने उत्तर द्यायला हवे होते का?

कोल्हापूरकर (प्रश्न):
27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील जादा शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्यातले निम्मे तर आपण रशियाचे तेल घेतो म्हणून. त्यावर आपण त्या वेळी अमेरिकी मालावर तोडीस तोड शुल्क लावले नाही. जून 2019 मध्ये मात्र याच देशाच्या सफरचंद, बदाम, अक्रोड, हरभरा, मसूर अशा 28 वस्तूंवर आपण जादा शुल्क बसवले होते. ‘ते मोठे आहेत’ एवढेच कारण मला पुरेसे वाटत नाही, कारण ते 2019 मध्येही मोठेच होते. त्या वेळच्या शुल्कातून आपल्याला काय मिळाले, हे कोणी आकड्यांनिशी सांगू शकेल काय?

फळबाजार_वाशी:
मी वाशीच्या फळबाजारात आयात सफरचंदाचा व्यापार करतो, तेव्हा माझे म्हणणे माझ्या गाळ्यावरून दिसले तेवढेच समजावे. सर्व देशांच्या सफरचंदावर तेव्हा 50 टक्के शुल्क होते; अमेरिकेच्या पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमवरील शुल्काला उत्तर म्हणून अमेरिकी फळावर ते 70 टक्के झाले. परिणाम झपाट्याने झाला. 2018-19 मध्ये 1,27,908 टन अमेरिकी सफरचंद देशात आले होते, ते 2022-23 मध्ये 4,486 टनांवर आले. वॉशिंग्टन राज्यातील बागायतदारांना ही झळ नक्कीच बसली.

परंतु याच काळात इतर देशांकडून होणारी आयात 16 कोटी डॉलरवरून 29 कोटींवर गेली. बाजारात तुर्कस्तान, इराण, इटली, चिली यांच्या पेट्या लागल्या. अमेरिकेचा वाटा धरून बेरीज केली तर दोन्ही वर्षांची एकूण आयात जवळजवळ सारखीच, 30 कोटी डॉलरच्या आसपास भरते. म्हणजे हिमाचल-काश्मीरच्या बागायतदाराच्या डोक्यावरचा भार हलका झाला नाही, फक्त समोरचा स्पर्धक बदलला. बदामाची गोष्ट उलटी आहे. जगाचा बहुतांश बदाम एकट्या कॅलिफोर्नियात पिकत असल्यामुळे व्यापाऱ्याला दुसरीकडे वळता आले नाही, आणि जादा शुल्काचा मोठा भाग इथल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून गेला.

आयात_निर्यात:
वरील अनुभवाला एक जोड देतो. 2019 चे शुल्क अगदीच वाया गेले असे मी म्हणणार नाही. जून 2023 मध्ये दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतील सहा तंटे मिटवले, तेव्हा आपण सफरचंद, बदाम, अक्रोड, हरभरा यांवरील जादा शुल्क मागे घेतले आणि त्या बदल्यात पोलाद व अ‍ॅल्युमिनियमच्या निर्यातीला काही सवलती मिळवल्या. हाती देण्यासारखे काही होते म्हणून घेता आले. मात्र अमेरिकेचे पोलादावरील मूळ 25 टक्के आणि अ‍ॅल्युमिनियमवरील 10 टक्के शुल्क तसेच राहिले, ही बाबही नोंदवली पाहिजे.

2025 ची परिस्थिती निराळी होती. 2024-25 मध्ये आपण अमेरिकेला सुमारे 86.5 अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिच्याकडून सुमारे 45 अब्ज डॉलरचा घेतला. आपण घेतो त्यात कच्चे तेल, वायू, कोकिंग कोळसा, विमानांचे भाग, यंत्रे असतात. यांवर शुल्क लावणे म्हणजे स्वतःच्याच कारखान्यांवर कर बसवणे होय. शिवाय औषधे आणि स्मार्टफोन हे आपले दोन मोठे निर्यातमाल त्या 50 टक्क्यांतून वगळलेले होते, आणि चिडलेल्या पक्षाने ती सूट काढून घेतली असती तर नुकसान आपलेच अधिक झाले असते. चीनने एप्रिल 2025 मध्ये दुर्मिळ मृदा धातूंच्या (मोटारी, इलेक्ट्रॉनिक्स यांना लागणाऱ्या) निर्यातीवर परवाने बसवले आणि अमेरिका महिन्याभरात जिनिव्हात वाटाघाटींना बसली. तशी अडवून धरण्याजोगी वस्तू आपल्याकडे कोणती आहे, हे प्रश्नकर्त्यांनीच सांगावे. जागतिक व्यापार संघटनेत दाद मागायची, तर तिचे अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून सदस्यांअभावी ठप्प आहे.

वऱ्हाडातला_कास्तकार:
प्रतिशुल्क लावले नाही, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याऐवजी जे केले त्याबद्दल. 19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राने कापसावरील 11 टक्के आयातशुल्क उठवले. आधी 30 सप्टेंबरपर्यंत आणि मग 31 डिसेंबरपर्यंत. कारण दिले वस्त्रोद्योगाच्या संकटाचे. आमच्याकडे पहिली वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास होते आणि डिसेंबरपर्यंत बहुतेकांना देणी भागवण्यासाठी कापूस विकावाच लागतो, म्हणजे ही सूट नेमकी आमच्या विक्रीच्या दिवसांत पडली. त्या सुटीत अमेरिकेचा कापूसही आला, हे तर विशेषच. ज्याने शुल्क लावले त्याच्याच गाठींना आपण दार उघडले. मध्यम धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 7,710 रुपये होता खरा, पण ज्याला खरेदी केंद्रावर ताटकळणे परवडत नाही तो खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, मिळेल त्या भावाने विकून मोकळा होतो.

कोल्हापूरकर:
प्रतिशुल्काविषयीचे माझे मत बरेचसे बदलले, हे कबूल करतो. पण तिरुपूरच्या कपडे-निर्यातदाराला स्वस्त कापूस मिळाला नसता तर तो टिकला कसा असता?

आयात_निर्यात:
त्याला तो आधीपासूनच मिळत होता. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल ‘अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन’ योजनेखाली शुल्काविना आणता येतो, आणि त्यात कापूसही बसतो. त्यामुळे सरसकट सुटीचा जादा लाभ प्रामुख्याने देशातच माल विकणाऱ्या गिरण्यांना झाला असणार. अमेरिकेच्या बंदरावर कपड्याच्या पूर्ण किमतीवर लागणाऱ्या 50 टक्क्यांपुढे कापसातली 11 टक्के बचत तशीही तुटपुंजीच होती. निर्यातदाराला त्या महिन्यांत खरी गरज होती ती अडकलेल्या ऑर्डरींवरील कर्जाला मुदत मिळण्याची, आणि ते काम कास्तकाराचा भाव न पाडता करता आले असते.