मदत हवी आहे : थर्मामीटरमधली लाल रेघ तुटलीय, कशी जोडू?

नमस्कार मंडळी. निफाडजवळ आमची द्राक्षबाग आहे. घडांच्या उंचीवर लाल द्रवाचा साधा थर्मामीटर टांगलेला असतो. पहाटे तापमान ४-५ अंशांवर उतरलं की मणी तडकायची भीती. ठिबक सोडायचं की शेकोट्या पेटवायच्या, हे त्याच्याकडे बघूनच ठरतं.

आता त्या रेघेत मधेच गव्हाच्या दाण्याएवढी फट पडलीय, वरचा तुकडा नळीतच अडकून बसलाय. तळाच्या फुग्यातलं रंगीत अल्कोहोल तापलं की प्रसरण पावतं आणि नळी अतिशय बारीक असल्याने जरासा फरकही उंच चढलेला दिसतो, एवढं मला समजतं. मग फटीमुळे आकडा खऱ्यापेक्षा जास्तच दिसणार ना? थंडीत हे फार धोक्याचं आहे, बाग वेळेवर सावरता येणार नाही.

कुणी म्हणतं फुगा खाली धरून झटका, कुणी म्हणतं कोमट पाण्यात धरा. पण अल्कोहोल ७८ अंशांनाच उकळतं, पाणी जास्त गरम झालं तर काच फुटेल का? रेघ जुळल्यावर वितळत्या बर्फात ठेवून शून्य तपासणारच आहे.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. थंडी वाढतेय, जरा लवकर कळवा.