फॉर्म लांब म्हणून लोक सोडतात, की आपण नको ते विचारतो म्हणून?

पंचवटीकर (धागाकर्ता)

सिंहस्थ २०२७ तोंडावर आलाय आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर पट्ट्यात ज्यांच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत, तेसुद्धा वेबसाइट करून घेतायत. होमस्टे, द्राक्षबागेतली सहल, क्लासेस, सातपूरची छोटी वर्कशॉप अशांची कामं मी करतो. सगळ्यांची तक्रार एकच: लोक साइटवर येतात, चौकशीचा फॉर्म उघडतात, अर्धा भरतात आणि निघून जातात.

मालकांचं ठरलेलं निदान म्हणजे ‘लोकांना कंटाळा येतो’. मला ते पटत नाही. तीच माणसं रेल्वेचं तिकीट काढताना घरातल्या सगळ्यांची नावं, वयं, बर्थ निमूट भरतात, कारण शेवटी तिकीट हातात पडणार हे त्यांना माहीत असतं. आपला फॉर्म भरल्यावर काय होणार, कोण फोन करणार, कधी करणार, हे आपण कुठे लिहितो?

माझं मत असं: ज्या रकान्याचं उत्तर वाचून आपण पुढच्या फोनवर वेगळं काही बोलणार नाही, तो रकाना उडवा. होमस्टेला नाव, मोबाईल, कधी येणार आणि किती जण, एवढं पुरतं. ईमेल, पूर्ण पत्ता, ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हे सगळं मालकाच्या हौसेचं. ‘ऐच्छिक आहे ना, मग राहू द्या’ हेही ऐकून घेऊ नका. एक्स्पीडिया या प्रवास बुकिंग कंपनीचा किस्सा २०१० साली गाजला होता. त्यांच्या पैसे भरण्याच्या फॉर्मवर ‘कंपनी’ असा एक ऐच्छिक रकाना होता. काही ग्राहकांना वाटलं, कार्ड देणाऱ्या बँकेचं नाव हवंय. ते टाकलं की पुढे पत्ताही बँकेचाच टाकायचे, मग कार्डाच्या नोंदीतला पत्ता जुळायचा नाही आणि व्यवहार अडायचा. तो एक रकाना काढल्यावर वर्षाचा नफा १ कोटी २० लाख डॉलरने वाढल्याचं कंपनीने सांगितलं होतं. सक्तीचा नसलेला रकानासुद्धा एवढं नुकसान करतो.

तुमचा अनुभव आणि विरोध, दोन्ही लिहा.

अंबड_व्हीएमसी

विरोध नोंदवतो. माझं अंबड एमआयडीसीत जॉब वर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना मशीनवर सुटे भाग बनवून द्यायचं, युनिट आहे. तुमच्यासारख्याच एका वेबसाइटवाल्याच्या सल्ल्याने मी फॉर्म नाव, नंबर आणि मेसेज एवढाच ठेवला होता. एन्क्वायऱ्या वाढल्या, खरं आहे. पण कशा? ‘टर्निंगचा रेट काय?’ अहो, मटेरियल कुठलं, ईएन ८ (कार्बन स्टील) की स्टेनलेस, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, नग दहा की दहा हजार, काहीच नाही. माझा माणूस दिवसभर फोन लावत बसायचा आणि समोरचा म्हणायचा, ‘सहज विचारलं होतं.’

आता फॉर्मवर ड्रॉइंग जोडणं सक्तीचं आहे. मटेरियल, क्वांटिटी, माल कधी हवा, सगळं विचारतो. फॉर्म कमी येतात, पण जो येतो त्याला संध्याकाळपर्यंत कोटेशन जातं. ज्याच्याकडे ड्रॉइंग नाही तो माझा गिऱ्हाईकच नाही. फॉर्म पूर्ण भरणाऱ्यांचा आकडा वाढवणं हे ध्येयच चुकीचं आहे. ऑर्डर किती निघाल्या ते मोजा.

पंचवटीकर

@अंबड_व्हीएमसी दादा, तुमचा फॉर्म माझ्या कसोटीवर उतरतो. मटेरियल आणि क्वांटिटी वाचल्याशिवाय तुम्ही दर सांगूच शकत नाही, म्हणजे ते रकाने कामाचे. भरणाऱ्यालाही कळतं की हे दिल्याशिवाय भाव येणार नाही. मी लांबीच्या विरोधात नाहीच.

ड्रॉइंग सक्तीचं करण्याबद्दल मात्र शंका आहे. परचेसवाला बाहेर फिरत असतो, मोबाईलवर तुमची साइट बघतो, ड्रॉइंग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असतं. ‘ड्रॉइंग नंतर पाठवतो’ असा एक पर्याय ठेवा, आणि फॉर्म गेल्यावर त्याला एक लिंक द्या ज्यावर फाईल टाकता येईल.

अंबड_व्हीएमसी

‘नंतर पाठवतो’ म्हणणारे पाठवत नाहीत. हा माझा धंद्यातला अनुभव आहे, वेबसाइटच्या आधीपासूनचा.

नाशिकरोड_ई_सेवा

तुम्ही दोघं फॉर्म बनवणाऱ्यांच्या बाजूने बोलताय. मी रोज दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतो, तेव्हा खुर्चीच्या या बाजूचं सांगतो. माझ्याकडे येणारे बहुतेक जण घरी मोबाईलवर प्रयत्न करून, अडकून आलेले असतात. रकाने जास्त म्हणून अडकलेला क्वचित. अडकतात ते असे:

एक आजोबा स्क्रीन दाखवत होते, लाल अक्षरात ‘अवैध नोंद’. मोबाईल नंबर बरोबर होता, दहाच्या दहा आकडे. नातवाने फोनवर मराठी कीबोर्ड लावून दिलेला, त्यामुळे आकडे देवनागरीत पडत होते. जावास्क्रिप्ट या वेबसाइटच्या कोडच्या भाषेतली नेहमीची आकड्यांची तपासणी देवनागरी ९ ला आकडा धरतच नाही. आजोबा तोच नंबर पुन्हा पुन्हा टाकत होते आणि फॉर्म पुन्हा पुन्हा नाकारत होता. दोन ओळींच्या कोडमध्ये देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेता येतात. तसंच पुढे शून्य लावला, +९१ लावलं, मध्ये जागा सोडली, तर ते काढून टाकणं हे मशीनचं काम. माणसावर का ओरडता?

दुसरं, तालुक्याची यादी. सटाण्याच्या मुलीला यादीत सटाणा सापडेना, कारण तिथे लिहिलेलं असतं बागलाण. तिला माहीत असतं, पण यादीत ‘स’ पाशीच शोधणार ना कोणीही! दोन्ही नावं द्या. जिल्ह्यात १५ तालुके आहेत, त्यातल्या एकाला दोन नावं लिहायला जागा कमी पडत नाही.

तिसरं, जन्मतारीख. १९५८ साल गाठायला कॅलेंडरवर एकेक महिना मागे जायला लावतात. तीन चौकोन द्या, दिवस, महिना, वर्ष, टाईप करू द्या.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एक चूक झाली की आधीचं भरलेलं सगळं पुसून जाणं. तिथे माणूस उठतो तो परत बसत नाही.

कॉलेजरोड_क्लास

@नाशिकरोड_ई_सेवा दादा, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या वेबसाइटवाल्याला देणार आहे.

मी क्लासमध्ये प्रवेशाचं बघते, आणि मला वाटतं इथे मुख्य कारणच कोणी बोललं नाही. भीती! पालक मोबाईल नंबराशी येऊन थांबतात, कारण एकदा कुठे तरी नंबर दिला की आठवडाभर दहा ठिकाणचे फोन येतात. काही जण तर मुद्दाम एक आकडा चुकीचा टाकतात. मग आम्ही ओटीपी लावला. त्याने खोटे नंबर थांबले आणि खरे पालकसुद्धा थांबले. ‘नुसती फी विचारायला ओटीपी कशाला?’ असं एका आईने तोंडावर विचारलं, आणि तिचं म्हणणं रास्त होतं.

माझं मत, फी उघड लिहून टाका. अर्धे लोक फक्त तेवढ्यासाठी फॉर्म उघडतात.

गंगापूररोडकर

फी उघड लिहिली की शेजारचा क्लास पाचशेने कमी करतो. सांगायला सोपं आहे.

कॉलेजरोड_क्लास

शेजारच्या क्लासला आमची फी आजही माहीत आहे. माहीत नाही ती फक्त पालकांना.

धरणाकडचा_होमस्टे

आम्ही फॉर्म काढूनच टाकला. व्हॉट्सॲपचं बटण ठेवलं. लोक ‘ताई, शनिवारी चार जण येऊ का?’ असं लिहितात, मी उत्तर देते, विषय संपला. इतका काथ्याकूट कशाला?

पंचवटीकर

@धरणाकडचा_होमस्टे ताई, तुमच्याकडे दोन-तीन खोल्या आणि उत्तर द्यायला तुम्ही स्वतः, तोवर हे चालेल आणि चांगलं चालेल. पण ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये अमृतस्नानांच्या तारखांना एकाच रात्रीसाठी किती मेसेज येतील याचा विचार करा. कोणाला हो म्हटलं, कोणाला ‘सांगते’ म्हटलं, आगाऊ रक्कम कोणाची आली, हे चॅट वर सरकवत शोधायचं? २०१५ च्या सिंहस्थात फोन आणि वहीवर निभावलं तेव्हा नोंद निदान एका जागी होती. चार रकान्यांचा फॉर्म आणि शेजारी व्हॉट्सॲप, दोन्ही ठेवा. ज्याला जे जमेल ते.

धरणाकडचा_होमस्टे

दोन्ही ठेवले की सगळे व्हॉट्सॲपवरच येणार, मग फॉर्म कोणासाठी? विचार करते, पण पटलेलं नाही.

सिडकोचा_कोडर

फॉर्मचे तुकडे करा ना. पहिल्या पानावर एकच सोपा प्रश्न: ‘किती जण येणार?’ मग तारीख, मग खोली. मोबाईल नंबर सगळ्यात शेवटी. तोवर माणसाने इतकं भरलेलं असतं की तो सोडत नाही. माझ्या कामात हे हमखास चालतं.

कॉलेजरोड_क्लास

@सिडकोचा_कोडर याला माझा ठाम विरोध. नंबर लागणार हे माहीत असून शेवटपर्यंत लपवायचं, कारण आधी सांगितलं तर तो निघून जाईल? मग जाऊ दे ना त्याला! गोड बोलून आत घ्यायचं आणि दार लावायचं, असं गिऱ्हाईक आमच्या दारात उभं राहणार आहे का पुन्हा?

सिडकोचा_कोडर

लपवा असं म्हणत नाही. क्रम बदला म्हणतोय.

नाशिकरोड_ई_सेवा

मध्यममार्ग आहे. पहिल्याच पानावर लिहा: ‘तीन पायऱ्या. शेवटी मोबाईल नंबर लागेल, त्यावर आम्ही एकदाच फोन करू.’ मग हवे तितके तुकडे करा. आणि ‘एकदाच’ लिहिलं तर खरंच एकदाच करा.

वकील_शरणपूररोड

कायद्याची बाजू थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. त्यात संमती ही सांगितलेल्या कारणासाठी लागणाऱ्या माहितीपुरतीच धरली जाते. म्हणजे खोलीच्या चौकशीला जन्मतारीख घेऊन ठेवणं उद्या अडचणीचं ठरू शकतं. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय देणंही त्यात आहे, मराठी त्या अनुसूचीत आहे. दुसरं म्हणजे ३० नोव्हेंबर २०२३ ची केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं. त्यात फसव्या मांडणीचे १३ प्रकार दिलेत. आधीच टिक केलेले चौकोन, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असली बटणं असतील तर काढून टाका.

पंचवटीकरांचा ‘नको ते विचारू नका’ हा मुद्दा आता नुसत्या सोयीचा राहिलेला नाही.

गंगापूररोडकर

एवढं सगळं बोलताय, पण खरं काय चालतं ते कळणार कसं? दोन प्रकारचे फॉर्म करून निम्म्या लोकांना हा, निम्म्यांना तो दाखवायचा, आकडे बोलतील.

पंचवटीकर

@गंगापूररोडकर ते मोठ्या साइटना परवडतं. समजा शंभरातले पाच जण फॉर्म पूर्ण करतात आणि नव्या फॉर्मने सहा करतील असं तुम्हाला वाटतं. हा फरक खरा की योगायोगाचा, हे नेहमीच्या संख्याशास्त्रीय खात्रीने सांगायला प्रत्येक फॉर्मला साधारण आठ हजार माणसं लागतात. आपल्या होमस्टेवाल्याला वर्षभर थांबावं लागेल, तोवर सिंहस्थ संपलेला असेल.

आपल्यासारख्यांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, लोक कुठल्या रकान्यावर येऊन थांबतात तेवढं नोंदवा. काय लिहिलं ते नको, शेवटचा हात कुठे लावला ते. नंबराशी थांबले तर विश्वासाचा प्रश्न, तारखेशी थांबले तर कॅलेंडर बिघडलंय. दोन, ओळखीतले पाच जण बोलवा, त्यात एक साठीच्या पुढचे असू द्या, त्यांचा स्वतःचा फोन त्यांच्या हातात द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. मदत करायची नाही. हे फार जड जातं, पण ई-सेवावाल्या दादांनी वर जे लिहिलंय ते असंच दिसतं.

आणि पत्ता खरंच हवा असेल, माल पाठवायचा असेल, तर पिनकोड आधी विचारा. १९७२ पासून आपल्याकडे ही सहा आकडी सोय आहे. ४२२००३ टाकलं की पंचवटी, नाशिक, महाराष्ट्र आपोआप भरून यायला हवं. फोनमध्ये साठवलेलं नाव आणि नंबर आपोआप यावेत म्हणून रकान्यांना योग्य खुणा देता येतात, तेही बहुतेक जण करत नाहीत.

सिडकोचा_कोडर

पिनचं मान्य. फक्त एका पिनखाली अनेक गावं येतात, ग्रामीण भागात तर नक्कीच. गावाचं नाव निवडू द्या, आणि यादीत नसेल तर टाईप करू द्या. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे प्रोग्रॅम, अडवायला लोकांना वाकडीतिकडी अक्षरं वाचायला लावू नका. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवा, बॉट तो भरतो आणि सापडतो. अंधांसाठी स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही तो लपवा, नाहीतर अंध व्यक्तीचाच फॉर्म फेकला जाईल.

अंबड_व्हीएमसी

सगळं वाचलं. ‘ड्रॉइंग नंतर पाठवतो’ हा पर्याय महिनाभर ठेवून बघतो, पंचवटीकर म्हणतात म्हणून. पण त्या फॉर्मना माझा माणूस फोन करणार नाही, ड्रॉइंग आल्यावरच करेल, आणि तसं फॉर्मवर स्वच्छ लिहीन.

पंचवटीकर

तसं लिहिलंत तर माझी काहीच हरकत नाही. एक विनंती, ड्रॉइंग टाकायच्या लिंकची मुदत आठवडाभर तरी ठेवा. शनिवारी अंबड-सातपूर बंद असतं, हे बाहेरगावच्या परचेसवाल्याला माहीत नसतं.