हॉलिडे क्लबचं सदस्यत्व विकायचंय, मदत हवी आहे

रानवारा: 25 वर्षांचं सदस्यत्व आहे, काढून टाकायचंय. वार्षिक शुल्क दरवर्षी वाढतंय आणि मे महिन्यात खोली कधीच मिळत नाही. एका एजंटचा फोन आलाय, गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, फक्त 18 टक्के जीएसटी आधी भरा. भरू का? संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

हिशेबी: एक रुपयाही भरू नका. खरा एजंट सौदा झाल्यावर आलेल्या पैशातून कमिशन कापतो. 'कर', 'एनओसी', 'नोंदणी' अशा नावाने आधी पैसे मागतात ती फसवणूक. आधीच काही भरलं असेल तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर फोन करा. आता सांगा, सीझन कोणता? वर्षं किती उरली? हप्ते फिटलेत का?

कोथरूडकर: एवढं कशाला? बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करा. सुटलात.

हिशेबी: असं सुटत नाही. हप्ते कर्जाचे असतील तर थकल्यावर सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) बिघडतं. शुल्क थकलं तर बुकिंग बंद, वर व्याज. आणि थकबाकी असताना कंपनी सदस्यत्व दुसऱ्याच्या नावावर करत नाही.

सागरिका: जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही.

हिशेबी: खोली नाकारल्याचे ईमेल, ॲपचे तारीखवार स्क्रीनशॉट हवेत. तक्रारीची मुदत 2 वर्षांची. पण विचारलंय विकण्याबद्दल.

भटक्या: तुमच्या नावावर मे महिन्यात महाबळेश्वरला बुकिंग करून द्याल का? चौघं आहोत.

सागरिका: भटक्या, त्यांनाच मिळत नाहीये. एमटीडीसीचं बघा.

रानवारा: पांढरा, म्हणजे कमी गर्दीचा सीझन, 11 वर्षं बाकी, हप्ते फिटलेत. शुल्क वर्षाला 21,000, त्यात 7 रात्री राहता येतं. भरलेल्या रकमेच्या निम्मे तरी यावेत. सदस्यत्व वडिलांच्या नावावर आहे, ते गेल्या वर्षी गेले.

हिशेबी: हे आधी सांगायला हवं होतं. वडील गेल्यावर तुमच्या नावावर झाल्याशिवाय तुम्ही ते विकूच शकत नाही. मृत्यूचा दाखला, करारातलं नॉमिनीचं पान, तुमचं केवायसी आणि आई-भावंडांचं ना-हरकत पत्र तयार ठेवा आणि कंपनीला चौकशीचा ईमेल करा. त्यातच तीन गोष्टी लेखी विचारा: थकबाकी किती, वारस नोंदीला शुल्क आहे का, पुढे विक्रीच्या हस्तांतरणाला किती.

किमतीचं म्हणाल तर भरलेली रक्कम कोणी बघत नाही. 21,000 भागिले 7, म्हणजे रात्र 3,000 ला पडते, तीही घेणारा तुम्हाला देईल ती किंमत धरायच्या आधी. पांढऱ्या सीझनला तेवढ्यात साधं हॉटेल मिळतं. म्हणून निम्म्याचा आग्रह सोडा. हस्तांतरणाचा खर्च घेणाऱ्याने करावा एवढ्यावर सौदा जमला तरी 11 वर्षांचं शुल्क वाचतं.

कोथरूडकर: वारस म्हणून नाव लावून घेतलं तर शुल्क यांच्याच गळ्यात पडेल ना?

हिशेबी: पडेल. म्हणून घेणारा पक्का झाल्यावरच नाव लावा. तोवर फक्त चौकशीचा ईमेल, सही कशावरच नाही.