अर्धेली सोडून जमीन खंडाने घ्यावी का?

काळीमाती:
गेली काही वर्षे आम्ही ओळखीच्या एका मालकांची सहा एकर जमीन अर्धेलीने करत आहोत. बी, खत आणि फवारणीचा खर्च निम्मा-निम्मा, मेहनत-मशागत आमची, आणि मळणी झाली की खळ्यावरच पोत्यांची वाटणी, असा व्यवहार आहे. मालक आता शहरात राहतात व त्यांना खर्चाचे हिशेब नको झाले आहेत; येत्या पाडव्यापासून ठरावीक खंड, म्हणजे जमिनीचे वर्षाचे रोख भाडे, आगाऊ द्यावा, असे ते म्हणतात. चार एकर कोरडवाहू असून त्यात सोयाबीन-तूर असते, उरलेले दोन एकर विहिरीखाली आहेत. खंडाने घेतल्यास सगळा माल आमचा राहील हे खरे, पण पाऊस दगा देईल त्या वर्षी काय करावे? जाणकारांनी सल्ला द्यावा.

बांधावरचा:
आधी मागच्या चार-पाच हंगामांची वही काढा. मालकांच्या वाट्याला गेलेल्या मालाची त्या वेळच्या बाजारभावाने किंमत धरा आणि त्यातून त्यांनी घातलेला निम्मा खर्च वजा करा; जे उरेल तेवढे तुम्ही आजही या जमिनीसाठी मोजत आहात. मागितलेला खंड त्याच्या बरोबरीचा असेल तर तो जास्तच आहे असे समजा, कारण आजवर दोघांत वाटली जाणारी जोखीम यापुढे एकट्या तुमच्या अंगावर येणार आहे. शिवाय खंड आणि बी-खताचा पूर्ण खर्च हंगामाच्या तोंडावर उभा करावा लागेल. ती रक्कम उसनवारीची असेल तर तिचे व्याजही खंडातच मोजा.

सातबारा_वाचक:
वरचा हिशेब योग्य आहे, पण खरी मेख कागदात आहे. मालक मंडळी लेखी करार टाळतात ती कुळकायद्याच्या धास्तीने. 1948 च्या कायद्याच्या कलम 4 नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा माणूस मालकाच्या कुटुंबातला, पगारी नोकर किंवा ताबेगहाणदार (जमीन गहाण घेऊन ताब्यात ठेवणारा) नसेल तर कुळ मानला जातो, आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाची, म्हणजे कसणारी कुळेच जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसाची, आठवण गावोगावी अजून ताजी आहे. (विदर्भ व मराठवाड्यासाठी मूळ कायदे वेगळे आहेत.) मात्र लेखी काही नसल्याचा फटका कसणाऱ्यालाच बसतो. पीक विमा योजनेत वाटेकरी आणि खंडकरी दोघेही पात्र असले तरी आपल्याकडे त्यांच्याकडून नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. तो नसला की विमा मालकांच्या नावे निघतो आणि भरपाई त्यांच्याच खात्यात जाते. अतिवृष्टीच्या अनुदानाचेही बहुधा तेच होते. अर्धेलीत निदान निम्मे नुकसान त्यांचेही असते. खंडात मात्र नुकसान पूर्ण तुमचे आणि भरपाई त्यांची, असा उफराटा प्रकार होऊ शकतो.

काळीमाती:
मालक नोंदणीला तयार नाहीत. भरपाई आली तर देऊन टाकीन, असे तोंडी म्हणतात. माणूस शब्दाचा आहे.

बांधावरचा:
ते शब्दाचे असतील, पण उद्या व्यवहार त्यांची मुले पाहणार असतील तर काय? एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, आणि साधा स्टॅम्पपेपर नोंदणीची जागा घेत नाही. माझे मत असे की पहिल्या वर्षी फक्त विहिरीखालचे दोन एकर खंडाने घ्यावेत, कारण तिथे उत्पन्नाचा थोडाफार भरवसा धरता येतो. कोरडवाहू चार एकर अर्धेलीवरच राहू द्यावेत, आणि खर्चाच्या हिशेबाचा कंटाळा हीच मालकांची अडचण असेल तर सगळा खर्च तुम्ही करून त्यांचा वाटा निम्म्याहून कमी करून घ्यावा. खंड एकरकमी न देता निम्मा पाडव्याला व निम्मा खरिपाचा माल विकल्यावर द्यायचे ठरवा. नोंदणी होणार नसेल तर सर्व वर्षभराच्या मुदतीतच ठेवा. भांडवल कमी पडत असेल तर बँकेत संयुक्त देयता गटाची चौकशी करा. सातबारा नावावर नसलेल्या 4 ते 10 जणांना एकत्र येऊन कर्ज घेता येते.

सातबारा_वाचक:
सहमत. विहिरीचे वीजबिल कोणी भरायचे आणि मोटार जळाली तर ती कोणी भरून आणायची, हेही पाडव्याआधीच लिहून घ्या.