जुन्या गाडीचं इंजिन पूर्ण खोलायचं की फक्त हेड (इंजिनाचा वरचा भाग)? सल्ला हवा (चोपडा, जि. जळगाव)

केळीबाग_चोपडा:
नमस्कार मंडळी. गाडी वडिलांची. १९९९ ची छोटी पेट्रोल, चार सिलिंडर, हजार सीसी, कार्ब्युरेटरवाली. सपाट रस्त्यावर काही त्रास नाही, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना टेम्परेचरचा काटा वर सरकतो. खाली एक थेंब सांडलेला दिसत नाही, तरी पाणी कमी होत राहतं. घाट उतरताना पाय काढून पुन्हा ॲक्सिलेटर दिला की मागे निळा धूर येतो. सकाळी थंड इंजिनात टिकटिक आवाजही आहे.

मिस्तरीने बोनेट उघडून आवाज ऐकला आणि फुल इंजिन काम सांगितलं: बोअर (सिलिंडरची आतली भिंत), पिस्टन, क्रँक (खालचा फिरणारा दांडा) ग्राइंडिंग, सगळं. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जातो. वडिलांना गाडी विकायची नाही आणि मलाही नाही. पण नक्की काय गेलंय हे कळल्याशिवाय इंजिन खोलावं का? आणि कळणार कसं?

धुळे_आग्रारोड:
भाऊ, तुमच्या लिहिण्यात तीन वेगळ्या तक्रारी आहेत. त्या एकत्र करून "इंजिन गेलं" म्हणू नका.

आधी धूर. पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर गेला असेल तर लोड पडल्यावर, म्हणजे चढावर पाय दाबलेला असताना, निळा धूर सलग निघतो आणि ऑइल कॅप उघडली की तिथून भकाभका हवा येते. उतारावर पाय काढला की मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळीत) व्हॅक्युम वाढतो आणि घासलेल्या वॉल्व्ह गाइडमधून (वॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी), कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. पुन्हा पाय दिला की ते जळतं. तुम्ही दुसरा प्रकार लिहिलाय. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्टार्ट करताच निळा भपकारा येऊन थांबत असेल तर सीलवरचा संशय पक्का. पीसीव्ही वॉल्व्हही (इंजिनातला गॅस परत आत ओढू देणारा) काढून बघा. तो काजळीने चोंदला तरी गाडी ऑइल खाते, आणि तो साफ करायला इंजिन खोलावं लागत नाही.

पांढऱ्या धुराचं वेगळं. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे कुठल्याही गाडीतून वाफ निघते. इंजिन तापल्यावरही ती थांबली नाही आणि तिला गोडसर वास आला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय.

जुनं_लोखंड:
भो, इंजिन खोलाना पहिले कॉम्प्रेशन मोजी ले. मिस्तरी चांगलाच ऱ्हाई, पन मोजाशिवाय बोलनं खरं नही.

एसटी_निवृत्त:
जुनं_लोखंड यांच्याशी पूर्ण सहमत. आयुष्य वर्कशॉपमध्ये गेलं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब. तो मोजायचा गेज महाग नसतो, पण वापरण्यात लोक घाई करतात. इंजिन गरम हवं. चारही प्लग काढायचे, इग्निशन कॉइलची वायर सोडायची, बॅटरी भरलेली हवी. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवायचा. हे विसरलं की चांगलं इंजिनही आजारी दिसतं. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे सेल्फ मारून आकडा लिहून घ्यायचा. अशा पेट्रोल इंजिनात साधारण १२ ते १४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) मिळायला हवेत. पण एकेका आकड्यापेक्षा चौघांतला फरक जास्त बोलका असतो. चारही सारखेच थोडे कमी असतील तर ती वयाची झीज. एकच पडला तर त्या सिलिंडरचा वॉल्व्ह किंवा रिंग. शेजारचे दोन एकत्र पडले तर बहुतेक वेळा त्यांच्यामधलं हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या ब्लॉकमधलं पॅकिंग) जळालेलं असतं.

मग ओली टेस्ट. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा चांगला वर गेला तर गळती रिंगांतून होती, ऑइलने ती तात्पुरती बुजली. जागचा हलला नाही तर गळती वर आहे: वॉल्व्ह नाहीतर गॅस्केट.

ज्याच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे तो आणखी नेमकं सांगू शकतो. पिस्टन टीडीसीला (कॉम्प्रेशनच्या वेळी सर्वात वरच्या टोकाला) आणून, गाडी गिअरमध्ये धरून, प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान द्यायचे. ऑइल कॅपमधून सूं आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आला तर इनटेक. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. रेडिएटरची कॅप मात्र इंजिन थंड असतानाच उघडा.

आवाजाचं. टिकटिक वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून येत असेल तर टॅपेट (वॉल्व्ह दाबणारा भाग). त्याचा गॅप फीलर गेजने (पातळ पत्त्यांचं माप) सेट होतो. थंड इंजिनात टिकटिक आणि तापल्यावर बंद, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केटही बघा. बिग एंड बेअरिंगचा (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) आवाज जड असतो, खालून ठक-ठक येतो, पाय देताच वाढतो. त्या सिलिंडरचं फायरिंग बंद केलं की तो दबतो. क्रँकला हात लावण्याआधी ऑइल प्रेशर स्विचच्या जागी गेज बसवून प्रेशर मोजायला सांगा. प्रेशर चांगलं असेल आणि ठकठक नसेल तर क्रँक ग्राइंडिंगचा विषयच नको.

बोदवड_टू_सुरत:
एवढं करण्यापेक्षा भंगारातून चालू इंजिन आणून टाका ना दादा. दोन दिवसांत गाडी रस्त्यावर.

धुळे_आग्रारोड:
त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कोण मोजून देणार? शिवाय इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. १५ वर्षांवरच्या गाडीचं दर पाच वर्षांनी रिन्युअल असतं, तेव्हा नंबर जुळला नाही तर गाडी अडकते. स्वतःचं इंजिन वाचत असेल तर तेच वाचवावं.

केळीबाग_चोपडा:
सगळ्यांचे आभार. मिस्तरींना हे वाचून दाखवलं. त्यांनी मनावर न घेता गेज आणला. आकडे: पहिला १२.५, दुसरा ८, तिसरा ७.८, चौथा १२.२. ऑइल टाकून दुसरा-तिसरा जागचे हलले नाहीत. इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे आहेत. ऑइल प्रेशर चांगलं आहे. टिकटिक वरूनच येते. रेडिएटरच्या आत पांढरा थर जमलाय.

एसटी_निवृत्त:
मग निदान झालं म्हणा. दोन आणि तीनच्या मधलं गॅस्केट जळालंय आणि तिथूनच पाण्याच्या वाटेत गॅस जातोय. रिंगा ठीक आहेत. बोअर-पिस्टन-क्रँक, तिन्हींना हात लावायचं कारण नाही. हेड उतरवा, त्यातच वॉल्व्ह सीलही बदलता येतील.

पण नुसतं गॅस्केट बदलून गाडी बाहेर काढू नका, ते पुन्हा उडेल. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. स्ट्रेट एज ठेवून फीलर गेज घालून बघा. अशा छोट्या इंजिनांत ०.०५ मिमीच्या वर फट मिळाली तर फेसिंग (घासून सपाट करणं) करायलाच हवं. ब्लॉकचा माथाही तसाच तपासा. फेसिंगच्या दुकानात आधी हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, तडा असेल तर फेसिंगचे पैसे वाया जातात. जळगाव, भुसावळ, धुळे तिन्हीकडे बोअरिंग-ग्राइंडिंगची दुकानं आहेत. जो दुकानदार मोजून आकडा दाखवतो आणि लागेल तितकंच घासतो, त्याच्याकडे जा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि आपल्या उन्हाळ्यात चढावर गाडी नॉकिंग करते.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करायचे. बसवताना उलट: मध्यापासून बाहेर, टॉर्क रेंचने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्याला. अंदाजे पाना ओढणारा असेल तर काम देऊ नका. वॉल्व्ह सीटवर घासून बसवून घ्या, गाइडमधला खेळ तपासा. गाइड ढिलं असेल तर नवीन सील लवकर जाईल.

आता त्या पांढऱ्या थराबद्दल. आपल्या बोअरवेलच्या पाण्यात क्षार फार. ते रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकच्या वॉटर जॅकेटमध्ये साचतात, पाणी फिरतं पण उष्णता उचलत नाही. गॅस्केट जळण्याचं मूळ मला तिथंच दिसतं. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, ब्लॉक फ्लश करा आणि पुढे डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट घालूनच भरा. थर्मोस्टॅट बदला, पण काढून टाकू नका. "खान्देशात थर्मोस्टॅट लागत नाही" असं म्हणणारे भेटतील. तो नसला की इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि आतली झीज वाढते. फॅनचा स्विच वेळेवर लागतो का तेही बघा. भुसावळकडे मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातं, तिथे फॅन उशिरा लागणं गाडीला परवडत नाही.

केळीबाग_चोपडा:
काका, मनापासून धन्यवाद. मिस्तरीही हेडच्या कामाला तयार आहेत. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नाही. आणि ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचं काय करावं?

एसटी_निवृत्त:
नोंद नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप आत्ताच बदला. समोरचं सगळं उघडणारच आहे, मजुरी पुन्हा पडणार नाही. ई२० साठी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे रबरी पाइप नवीन घाला, जुनं रबर इथेनॉलने फुगतं आणि चिरतं. पंपाचा डायफ्राम आणि कार्ब्युरेटरचं किटही त्यातच बदला. काम झाल्यावर थंड इंजिनात पाण्याची पातळी रोज बघत जा आणि काही दिवसांनी कॉम्प्रेशनचे चारही आकडे पुन्हा इथे टाका.